लंडनचं की नाशिकचं? पंचम जॉर्जच्या तिकिटातला तारा कसा बघावा

अर्धा आणा हिरवं आणि एक आणा चॉकलेटी ही पंचम जॉर्जची टपाल तिकिटं जुन्या ट्रंकांमधून ढिगाने निघतात. १९२५पर्यंत ती लंडनला डे ला रू कंपनीत छापली जात. १९२६पासून ती नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. चित्र तेच, किंमत तीच, कडेचे दातेही दोन्हींना १४ मापाचेच (दोन सेंटीमीटरमध्ये १४). फरक कागदातल्या जलचिन्हात (वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण) आहे: लंडनच्या तिकिटात एकच मोठा तारा, नाशिकच्या तिकिटात छोट्या ताऱ्यांच्या रांगा. रंगाच्या छटेवरून ओळखा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. नव्वद-शंभर वर्षं उन्हात, दमट हवेत राहिलेल्या तिकिटाची छटा काहीही सिद्ध करत नाही.

आधी लिफाफा बघा. शिक्क्यावरची तारीख वाचता येत असेल तर तिकीट काढूच नका, लिफाफा अखंडच ठेवा. १९२६च्या आधीची तारीख असेल तर तिकीट लंडनचंच.

लिफाफ्यातून तिकिटासकट कापलेले सुटे तुकडे असतील तर साध्या गार पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा. तिकीट आपोआप सुटलं पाहिजे, ओढायचं नाही. कोमट पाणी नको, या शाईला ते मानवत नाही. रंगीत लिफाफ्यांचे तुकडे वेगळ्या बशीत भिजवा. मागचा डिंक पूर्ण धुऊन टीपकागदावर वाळवा.

आता खरी अडचण. उजेडासमोर धरून तारा दिसत नाही, कारण छपाई दाट असते. काळी गुळगुळीत बशी घ्या, तिकीट चिमट्याने त्यात पालथं ठेवा आणि लायटरमध्ये भरायच्या शुद्ध पेट्रोलचे तीन-चार थेंब टाका. पंपावरचं पेट्रोल कदापि नको, त्याचा तेलकट डाग कायमचा राहतो. रॉकेलही नको. खिडकी उघडी हवी, आसपास देव्हाऱ्यातलं निरांजनसुद्धा पेटलेलं नको.

जलचिन्हाच्या जागी कागद पातळ असतो, म्हणून तिथून बशीचा काळेपणा वर येतो. तारा दोनदा दिसतो: थेंब पडल्यावर पहिल्या काही सेकंदांत, आणि पुन्हा वाळता वाळता. बहुतेक जण मधल्या वेळात बघतात, काही दिसत नाही म्हणून आणखी थेंब ओततात. थांबा, वाळू द्या, नजर हलवू नका.

इथे दोन फसगती होतात. पहिली म्हणजे कागद सरकून छापला गेला की मोठा तारा कडेला जातो आणि त्याची एक-दोन टोकंच दिसतात. ती छोटे तारे समजून तिकीट नाशिकच्या पानावर जातं. टोकं मोजू नका, आकार बघा: एकच टोक तिकिटाचा मोठा भाग व्यापत असेल तर तारा मोठा, म्हणजे तिकीट लंडनचं. दुसरी फसगत जुन्या हिंजमुळे (तिकीट अल्बममध्ये चिकटवायची छोटी कागदी पट्टी) कागद सोलला गेल्याची. असा सोललेला भागही काळा दिसतो, पण त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात. ताऱ्याच्या कडा सरळ. असं तिकीट लगेच बाजूला काढा, त्याची किंमत उतरलेली असते.

ग्वाल्हेर, पतियाळा, नाभा या संस्थानांची नावं छापलेल्या याच तिकिटांनाही हीच कसोटी लावा. १९२९च्या विमान टपालाच्या तिकिटांत मात्र तारे आडवे असतात. त्यांची टोकं डावीकडे की उजवीकडे, हे वेगळं नोंदवा.

नोंद अल्बमच्या पानावर पेन्सिलीने करायची, तिकिटाच्या पाठीवर कधीच नाही.