जुन्या लष्करी फोटोतील पदकांच्या फिती कशा ओळखाव्यात

पूर्वजांची पलटण आणि मोहीम शोधताना बहुतेक जण घरात ऐकलेल्या हकिकतीपासून सुरुवात करतात आणि तेथेच फसतात. फोटो आधी गणवेशावरून वाचावा आणि हकिकत शेवटी त्याच्याशी ताडून पाहावी. फोटो फ्रेममधून काढून (काचेला चिकटला असेल तर मुळीच ओढू नये) दोन्ही बाजूंनी १२०० डीपीआयवर स्कॅन करावा. प्रत उलटी छापलेली नाही ना, हेही पाहावे. फिती सैनिकाच्या डाव्या छातीवर असायला हव्यात आणि कोटाची डावी बाजू उजवीवर आलेली असायला हवी.

हुद्दा ओळखणे सोपे आहे. दंडावर टोक खाली असलेली एक पट्टी लान्स नाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या. मनगटाजवळच्या, टोक वर असलेल्या पट्ट्या हुद्द्याच्या नसतात. खांद्यावर एक तारा दिसला म्हणजे आजोबा सेकंड लेफ्टनंट होते, असे सांगण्याची घाई करू नये. इंग्रजांच्या काळात जमादारही (हिंदी सैन्यातील कनिष्ठ अधिकारी) एकच तारा लावत असे.

खांद्यावरची पितळी अक्षरे भिंगाखाली वाचावीत. तेथे १०३, ११० किंवा ११७ असा आकडा असेल तर फोटो बहुधा १९२२ च्या लष्करी पुनर्रचनेपूर्वीचा आहे, कारण त्यानंतर या सर्व पलटणी ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामावल्या. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘मराठा’ हा शब्द मधे एच आणि दोन टी घालून लिहिलेला असतो; आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला अनेक नोंदी सापडतच नाहीत.

खरी कसोटी फितींची आहे. माझ्या आजोबांच्या फोटोत दोन फिती आहेत. त्यांपैकी दुसरीच्या मधोमध रुंद काळी पट्टी आहे. आजोबा ब्रह्मदेशात लढले, असे घरात सांगत असत, म्हणून ती बर्मा स्टारची (दुसऱ्या महायुद्धातील ब्रह्मदेश मोहिमेच्या पदकाची) फीत आहे असे मी धरून चाललो आणि दोन वर्षे चुकीच्या मोहिमेच्या कागदपत्रांत घालवली. बर्मा स्टार आणि आफ्रिका स्टार (त्याच युद्धातील आफ्रिकेच्या मोहिमांचे पदक) या दोन्ही फितींच्या मध्यभागी रुंद लाल पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक अरुंद पट्टी असते, त्यामुळे कृष्णधवल फोटोत या दोन फितींची गल्लत सहज होते.

याचे मूळ फिल्ममध्ये आहे. त्या काळी स्टुडिओत बराच काळ वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे. त्यामुळे लाल ते काळे उमटे आणि निळे मात्र डोळ्यांना दिसते त्याहून पुष्कळ फिके येई. आपला फोटो अशा फिल्मवरचा आहे का, हे तपासण्यासाठी सैनिकाशेजारी बसलेल्या पत्नीच्या कपाळावरचे कुंकू पाहावे. ते केसांइतके काळेकुट्ट दिसत असेल, तर फितीतील काळ्या पट्टीला लाल समजावे आणि फिकट पट्टीला पांढरी म्हणण्याआधी ती निळी असू शकेल का, याचा विचार करावा.

म्हणून रंगांच्या मागे न लागता पट्ट्यांची संख्या, रुंदी आणि दोन्ही बाजूंचा सारखेपणा पाहावा. इटली स्टारच्या फितीत पाच समान पट्ट्या असतात आणि १९३९-४५ स्टारच्या फितीत तीन. बर्मा स्टारच्या दोन्ही अरुंद पट्ट्या नारिंगी, म्हणजे छटेने सारख्या असतात. आफ्रिका स्टारची एक गडद निळी आणि दुसरी फिकट निळी असते, त्यामुळे फोटोत एक स्पष्ट दिसते तर दुसरी फितीच्या फिकट पार्श्वभूमीत जवळजवळ विरून जाते. आजोबांच्या फोटोत अगदी असेच होते. मी ती विरलेली पट्टी फोटोचा दोष समजून सोडून दिली होती.

फोटोच्या मागे पेन्सिलीने १९४४ लिहिलेले होते, तिकडे मी लक्ष दिले असते तरी प्रश्न तेव्हाच सुटला असता, कारण आफ्रिका स्टारच्या फिती १९४३ पासून लावल्या जाऊ लागल्या, तर बर्मा स्टार १९४५ मध्ये जाहीर झाला. पदकाचे वर्ष फोटोच्या वर्षाशी जुळते की नाही, हे पाहिल्याखेरीज कोणताही निष्कर्ष काढू नये. आजोबा मराठ्यांच्या तिसऱ्या पलटणीत होते आणि ती पलटण १९४१ मध्ये आफ्रिकेतल्या एरिट्रियातील केरेनला लढली होती. मग सगळे धागे जुळले.

कृष्णधवल फोटो रंगीत करून देणाऱ्या अॅपवर फितींच्या बाबतीत अजिबात विसंबू नये. ते अॅप फितीचा रंग ओळखत नाही, अंदाजाने भरते. आणि एकदा रंगीत प्रत नातेवाइकांत फिरली की घरात तीच खरी ठरते.

एवढे झाल्यावर सैनिक क्रमांक, हुद्दा, पलटण आणि मूळ गाव लिहून संबंधित रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे (मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगावला) पत्र पाठवावे. क्रमांक फोटोत सापडत नाही. तो पेन्शनच्या जुन्या कागदांत किंवा पदकाच्या कडेवर कोरलेला असतो. पत्रासोबत प्रतच जोडावी आणि मूळ फोटो घरीच ठेवावा.