वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहायचं कसं

लिहायला बसलं की कथानकापलीकडे काही सुचत नाही, कारण वाचताना काही टिपलेलंच नसतं. म्हणून काम पहिल्या पानापासून सुरू करावं.

ए-फोर कागदाच्या चार उभ्या पट्ट्या कापा. एक पट्टी खूण म्हणून पुस्तकात ठेवा आणि तिच्यावरच पेन्सिलीने नोंदी करा: पान क्रमांक, वाक्याचे पहिले तीन शब्द आणि आपला शेरा, ‘इथे पटलं नाही’ किंवा ‘आत्या मध्येच गायब’ इतकाच. शब्द हवेतच, कारण आवृत्ती बदलली की पानं सरकतात. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची (स्थापना १८९३) प्रत परत केल्यावर पुढे दुसरी आवृत्ती हाती आली, तर नुसता आकडा काय कामाचा? वाचनालयाच्या पुस्तकात रेघा मारायच्या नाहीत, हे सांगायला नको. चिकट चिठ्ठ्याही जुन्या, ठिसूळ कागदावर नकोत, काढताना पान फाटतं. शाईपेक्षा पेन्सिल बरी. पावसात पिशवी भिजली तरी अक्षर फुटत नाही.

ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने लिहिणं जमत नाही. तेव्हा पान क्रमांक आणि शेरा मोबाइलवर बोलून ठेवा. पानाचा नुसता फोटो काढू नका. महिन्याभराने तो का काढला होता हेच आठवत नाही.

पुस्तक संपल्यावर एक-दोन दिवसांत, पट्टी न बघता, आठवेल ते दहा मिनिटं लिहा. मग पट्टी काढून ताडून पाहा. दोन्ही याद्या सहसा जुळत नाहीत, आणि खरा ऐवज तिथेच असतो. न टिपताही जे लक्षात राहिलं ते का राहिलं? कौतुकाने टिपलेलं वाक्य चार दिवसांत का पुसलं गेलं? या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणजे निम्मा लेख. तोवर मलपृष्ठ आणि इतरांची परीक्षणं वाचू नयेत, त्यांचे शब्द नकळत आपले होतात.

तीनशे शब्दांच्या लेखात कथानकाला साठ शब्द पुष्कळ झाले. ‘ओघवती भाषा’, ‘हृदयस्पर्शी’, ‘खिळवून ठेवतं’ हे शब्द सरळ खोडा आणि त्या जागी कारण लिहा: वाक्यं आखूड आहेत का, संवाद बोलीत आहेत का, प्रकरण अर्ध्यावर तोडलंय का. ज्या मतामागे पुस्तकातली एकही जागा दाखवता येत नाही, ते मत काढून टाकलेलं बरं.

पहिल्या प्रकाशनाचं वर्ष नोंदवाच. ‘कोसला’ १९६३ची आहे. हातातली छपाई ताजी बघून ‘असं हल्ली बरेच जण लिहितात’ म्हटलं की फसगत झाली. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लिहा, आणि भाषा खटकली तर दोष मूळ लेखकावर ढकलू नका. कथासंग्रहातल्या सगळ्या कथांना एकेक ओळ वाटत बसण्यापेक्षा दोनच कथा घ्याव्यात. कवितेला तर एकच पुरे.

पंधरा दिवसांनी लेख पुन्हा वाचा. मत बदललं असेल तर जुनं खोडू नका, खाली तारीख घालून नवीन ओळ लिहा.