टॉवर स्पीकर घेतले, पण ॲम्प पुरत नाही? या चुका टाळा

माझ्या एका मित्राने गेल्या दिवाळीत हौसेने टॉवर स्पीकर घेतले. कमरेच्या वर येणारे, प्रत्येकात दोन वूफर (खालचे सूर काढणारे मोठे पडदे), दोघांनी धरून जिन्याने वर चढवावे लागले इतके जड. घरात होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे आतच ॲम्प (ॲम्प्लिफायर) असलेला डबा, होताच. त्याच्या खोक्यावर '१०० वॅट प्रति चॅनल' होतं, स्पीकरच्या पाठीवर '८ ओहम' होतं. छत्तीस गुण जुळले असं समजून त्याने वायरी खोचल्या आणि शनिवारी आम्हाला ऐकायला बोलावलं. विलंबित चालू होतं तोवर सगळं छान. द्रुत सुरू झालं, डग्ग्यावर जोर आला, मित्राने कौतुकाने आवाज थोडा चढवला आणि टक्! रिसीव्हर बंद.

पुढच्या महिनाभरात त्याने महागड्या वायरी आणल्या, मग स्टॅबिलायझर आणला, मग दुकानदाराशी भांडून आला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. स्पीकर चांगले होते, रिसीव्हरही बिघडलेला नव्हता. दोघांची जोडीच चुकली होती, आणि ती कुठे चुकली हे खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांत कुठेच लिहिलेलं नसतं.

'८ ओहम' हा आकडा जसाच्या तसा खरा मानणं

स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा त्याचा विरोध (तो ओहममध्ये मोजतात), हा काही एक ठरलेला आकडा नाही. स्वर बदलला की तो बदलतो. एकाच स्पीकरचा इम्पीडन्स एका ठिकाणी २० ओहमच्या वर आणि दुसऱ्या ठिकाणी ३ ओहमवर असू शकतो. पाठीवर छापलेला आकडा म्हणजे उत्पादकाने दिलेली ढोबळ ओळख. प्रमाण म्हणून जो नियम पाळायचा असतो तो सांगतो, की इम्पीडन्स छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरने ६.४ च्या खाली उतरायला नको. प्रत्यक्षात नामवंत कंपन्याही हा नियम सैल हाताने पाळतात. बॉवर्स अँड विल्किन्सच्या ६०३ या टॉवरच्या माहितीपत्रकात ८ ओहम लिहिलंय आणि शेजारीच किमान ३ ओहम असंही लिहिलंय. त्यांनी निदान ते लिहिलं तरी. कित्येक जण लिहीतच नाहीत.

३ ओहमने काय बिघडतं? साधा हिशेब करा. ॲम्पने २० व्होल्ट दिले तर ८ ओहममध्ये अडीच अँपिअर करंट जातो, ५० वॅट होतात. तेच २० व्होल्ट ३ ओहमला दिले की पावणेसात अँपिअर लागतात आणि वॅट होतात १३३. आवाजाचं बटण तुम्ही हलवलेलंही नसतं. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे: एका घरात नळ उघडला तर धो धो पाणी, सकाळी सातला सगळ्यांनी उघडला की वरच्या मजल्यावर नुसती करंगळी. टाकीची उंची तीच असते, पुरवणारा पाइप अपुरा पडतो.

टॉवरमध्ये हे जास्त घडतं, कारण दोन-तीन वूफर बहुधा पॅरलल (समांतर) जोडलेले असतात. ८ ओहमचे दोन वूफर पॅरलल जोडले की ४ ओहम. आणि पुष्कळ टॉवरचा इम्पीडन्स जिथे सगळ्यात खाली उतरतो तो खड्डा साधारण ८० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. डग्ग्याचा घुमारा, पुरुषी आवाजाचा खर्ज, बेस गिटार, सगळं नेमकं तिथेच. म्हणून मित्राचा रिसीव्हर विलंबितात तगला आणि द्रुतात बसला.

माहितीपत्रकात किमान आकडा नसेल तर एक घरगुती उपाय आहे. स्पीकरच्या वायरी काढा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून त्याच्या टर्मिनलला लावा. ८ ओहमचा प्रामाणिक स्पीकर साधारण साडेपाच ते सातच्या दरम्यान दाखवतो. सव्वातीन-साडेतीन दिसलं तर पाठीवर काहीही छापलेलं असो, तुमचा स्पीकर ४ ओहमचा आहे असं समजूनच ॲम्प निवडा. या मापाने सगळं कळत नाही (इतर स्वरांवरचा खड्डा याहून खोल असू शकतो), पण पहिली फसवणूक इथे उघडी पडते.

वॅटचा मोठा आकडा बघून भुलणं

ज्यांनी नव्वदीत टू-इन-वन विकत घेतलाय त्यांना 'पीएमपीओ' हा वॅटचा फुगवलेला आकडा आठवत असेल. हातात उचलून नेता येईल एवढा डबा आणि त्यावर १००० वॅटचं स्टिकर. ती फसवणूक आता हास्यास्पद वाटते, पण तिची सभ्य भावंडं अजून आहेत. रिसीव्हरच्या माहितीपत्रकातली बारीक अक्षरं वाचा: एकच चॅनल चालू, फक्त १ किलोहर्ट्झ, ६ ओहम, डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) १० टक्के. त्या अटींवर १५० वॅट मिळतात. दोन्ही चॅनल चालू, २० ते २०,००० हर्ट्झ, ८ ओहम, अत्यल्प डिस्टॉर्शन अशी अट घातली की तोच डबा बराच खाली येतो. अमेरिकेत तर या आकडेवारीच्या गोंधळाला आळा घालायला १९७४ मध्ये सरकारी नियम करावा लागला होता.

मी काय बघतो ते सांगतो. ८ ओहमचा आकडा आणि ४ ओहमचा आकडा शेजारी शेजारी ठेवतो. ८ ला ६० आणि ४ ला १०० वॅट देणारा ॲम्प मला ८ ला १०० देऊन ४ बद्दल मौन पाळणाऱ्या ॲम्पपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. इम्पीडन्स अर्धा झाला की वॅट दुप्पट व्हायला हवेत, हा आदर्श. तो क्वचितच गाठला जातो, पण किती जवळ जातो त्यावरून पॉवर सप्लायमधला दम कळतो. क्लास एबी (जुन्या, पारंपरिक पद्धतीचा) ॲम्प असेल तर उचलून बघणं ही जुनी परीक्षा अजून चालते, कारण वजन मुख्यतः ट्रान्सफॉर्मरचं आणि हीटसिंकचं असतं. क्लास डी या नव्या पद्धतीच्या ॲम्पना ती लागू नाही. ते हलकेच असतात, तिथे ४ ओहमचा आकडाच बघायचा. १९७८ साली आलेल्या नॅड ३०२० या छोट्या ॲम्पवर फक्त २० वॅट लिहिलेलं होतं, तरी कितीतरी 'मोठ्या' ॲम्पना धाप लागेल असे स्पीकर तो चालवायचा, म्हणून त्याचं नाव अजून निघतं.

आणखी एक. ८० वॅटचा ॲम्प पुरत नाही म्हणून १०० वॅटचा घेतला तर आवाजात फरक पडतो १ डेसिबलचा. म्हणजे जवळपास काहीच नाही. वॅट दुप्पट केले तरी ३ डेसिबल. कानाला 'दुप्पट मोठं' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, त्यासाठी दहापट वॅट. उलट रोजच्या ऐकण्याला बऱ्याचदा एखादा वॅटही पुरतो. अडचण येते ती ठोक्यांना. सरासरी १ वॅटवर चाललेल्या गाण्यात २० डेसिबल उंच जाणारी एक थाप आली की त्या क्षणापुरते १०० वॅट हवेत. रेकॉर्डिंग दाबून सपाट केलेलं नसेल तर पखवाज आणि ढोलकी हे सहज करतात.

सेन्सिटिव्हिटीतही, म्हणजे ठरावीक पुरवठ्यावर स्पीकर किती मोठा वाजतो त्या आकड्यातही, एक मेख आहे. ८८ डेसिबल असं लिहिलेलं माप बहुधा २.८३ व्होल्टवर घेतलेलं असतं. ८ ओहममध्ये ते १ वॅट, ४ ओहममध्ये मात्र २ वॅट. म्हणजे ४ ओहमचा ८८ डेसिबलवाला स्पीकर वॅटच्या हिशेबाने ८५ चाच आहे. दोन स्पीकरची तुलना करताना आधी हे बघा.

'कमी वॅटचा ॲम्प आहे, स्पीकर सुरक्षित' हा समज

उलट आहे. ॲम्पची मजल संपली की तो लहरीची डोकी सपाट कापतो. यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण सपाट झालेल्या लहरीत मूळ लहरीच्या दुप्पट शक्ती असते, म्हणजे ५० वॅटचा ॲम्प ओरबाडला तर १०० वॅटपर्यंत ओतू शकतो. खालचे सूर कापले जातात, वरचे मात्र वाढतच राहतात, कापण्यातून नवे तीक्ष्ण सूरही जन्मतात, आणि हा सगळा भार जातो वरचे सूर काढणाऱ्या बिचाऱ्या ट्वीटरवर. त्याला सलग मोजकेच वॅट झेपतात. लग्नाच्या आदल्या रात्री घरी पार्टी आणि सकाळी ट्वीटर मुका, ही गोष्ट अनेक घरांत घडलेली आहे.

बटण अजून अर्ध्यावरच आहे, असं सांगू नका. बटणाच्या कोनाचा आणि वॅटचा संबंध नाही. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करून देणारी डबी) २ व्होल्ट देतो, पुष्कळ ॲम्पना पूर्ण ताकद गाठायला त्याच्या चौथाईनेही भागतं. घड्याळाच्या भाषेत ११ वर काटा असतानाच ॲम्प संपलेला असू शकतो. त्यात बेसचं बटण १० डेसिबल चढवलंत तर खालच्या सुरांना दहापट वॅट मागितले. आवाज कर्कश, चिरका झाला, झांज फाटल्यासारखी वाटली की हात मागे घ्यायचा.

मागचा इम्पीडन्सचा खटका

काही रिसीव्हरना मागे किंवा मेनूत ४/६/८ ओहमची निवड असते. ती ४ वर टाकली की ॲम्प ४ ओहमसाठी 'जुळला' असं लोकांना वाटतं. बहुतेक ठिकाणी तो खटका आतला व्होल्टेज खाली आणतो, म्हणजे ॲम्प तापू नये म्हणून त्याची ताकदच कापतो. रिसीव्हर बंद पडायचा थांबेल, पण क्लिपिंग लवकर येईल. रिसीव्हरमधल्या रिकाम्या चॅनलनी 'बाय-ॲम्प' करण्याचंही (एकाच स्पीकरच्या वरच्या आणि खालच्या भागाला वेगळे चॅनल देण्याचंही) तसंच. चॅनल दोन झाले, पॉवर सप्लाय एकच राहिला.

ए आणि बी अशा स्पीकरच्या दोन जोड्या एकदम लावणं तर टॉवरच्या बाबतीत टाळाच. ४ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल म्हणजे २ ओहम. ॲम्प ब्रिज केला (दोन चॅनल जोडून एक केला) तरी प्रत्येक बाजूला इम्पीडन्स निम्माच दिसतो, त्यामुळे ४ ओहमचे टॉवर ब्रिज ॲम्पवर टाकण्याआधी पुस्तिका उघडून परवानगी आहे का ते बघा.

व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प असेल तर मागच्या ४ ओहमच्या टर्मिनलवर आधी लावून बघा, मग ८ वर, आणि कानाला पटेल ते ठेवा. स्पीकर न जोडता तो चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

वायर : पैसे कुठे घालवू नयेत

तांब्याच्या अडीच स्क्वेअर एमएमच्या लवचीक वायरचा रोध किलोमीटरला साधारण ८ ओहम असतो. ॲम्पपासून स्पीकरपर्यंत ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर: ०.०८ ओहम. पुरे झालं. तीच वायर अर्ध्या स्क्वेअर एमएमची घेतली, जी डब्यासोबत फुकट येते, तर ०.३९ ओहम. ३ ओहमच्या खड्ड्यात हा फरक ऐकू येतो, बेस ढिला पडतो. तेव्हा पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन शुद्ध तांब्याची अडीचची वायर घ्या आणि घरी या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तेवढी टाळा, ती स्वस्त मिळते आणि तशीच वागते.

अमेरिकेहून आणलेला ॲम्प

हे आपल्याकडे खूप घडतं. मुलगा किंवा भाचा तिकडे आहे, तिथे जुना उत्तम ॲम्प स्वस्तात मिळाला, सामानातून आला. तो १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. मग मिक्सरसाठी घेतलेला छोटा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला जातो आणि ॲम्पची सगळी ताकद त्या ठोकळ्यातच अडकते. ट्रान्सफॉर्मर ॲम्पच्या मागे लिहिलेल्या कमाल वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या. जपानहून आणलेला ॲम्प १०० व्होल्टचा असतो, त्याला ११० चा ट्रान्सफॉर्मर चालवून घेऊ नका. शिवाय ६० हर्ट्झसाठीच बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. आधी ॲम्पची पाठ आणि पुस्तिका बघा, काही मॉडेलांत आतून २३० करायची सोय असते.

दोष ॲम्पचा नसतो तेव्हा

बेस घुमतोय, बोबडा येतोय? बारा फुटी खोलीत दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झला आवाज साठतो. दहा फुटीत ५६ ला. कुठलाही ॲम्प ते बदलणार नाही. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा, मागच्या भोकात कंपनीने दिलेला स्पंजचा बूच लावून बघा, गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी अंथरा. यातलं काहीच विकत आणावं लागत नाही.

बेस गायबच आहे? बहुधा एका स्पीकरची वायर उलटी लागली आहे. ॲम्प बंद करा, वायर ॲम्पच्या बाजूने काढा आणि तिच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचं धन टोक लाल वायरीला लागलं की वूफर बाहेर यायला हवा. आत गेला तर कुठेतरी उलटं झालंय. फक्त वूफरकडे बघा, मिडरेंज (मधले सूर काढणारा) मुद्दाम उलटा जोडलेला असू शकतो.

घूं असा आवाज येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. थांबला, तर केबलवर आयसोलेटर लावा. अर्थिंगची पिन कापून गुणगुण घालवणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

ॲम्प बंद पडत असेल तर या क्रमाने

आधी मागे टॉर्च मारून बघा, वायरीचा एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकलाय का. निम्म्या तक्रारी, माझ्या अनुभवात, इथेच मिटतात. मग शोकेसचं दार उघडा. वर चार बोटं मोकळी जागा नसेल तर ॲम्प स्वतःच्या वाफेत शिजतोय. तरी बंद पडला तर स्पीकर काढून (व्हॉल्व्हचा नसेल तरच) नुसता चालू ठेवा. रिकामा असतानाही पडला तर ॲम्प दुरुस्तीला. नाही पडला तर बंद करून डावी-उजवी वायर ॲम्पपाशी अदलाबदल करा. एका बाजूला खरखर येत असेल आणि ती त्याच स्पीकरमध्ये राहिली तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. पलीकडच्या स्पीकरमध्ये गेली तर ॲम्प किंवा त्याच्या मागचं काहीतरी. आणि यातलं काहीच नसून फक्त मोठ्या आवाजात, खर्जाच्या ठोक्यालाच बंद पडत असेल, तर मग खरोखर करंट पुरत नाही.

मित्राचं तेच होतं. नवा रिसीव्हर घ्यायला तो निघालाच होता. त्याच्या रिसीव्हरला मागे प्री-आउट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारी भोकं) होते, त्यांच्याकडे कधी कुणी पाहिलंच नव्हतं. तिथून एका सेकंडहँड स्टिरिओ पॉवर ॲम्पला जोडणी केली, ४ ओहमला दणकून ताकद देणाऱ्या. टॉवर आता त्यावर चालतात, रिसीव्हर फक्त सेंटर आणि मागचे दोन सांभाळतो. ॲम्प शोकेसमध्ये मावला नाही, म्हणून जमिनीवर कडप्प्याच्या तुकड्यावर ठेवलाय. वहिनींनी त्यावर तुळशीचं रोपटं ठेवायचा प्रयत्न केला होता, तो वेळीच थांबवला.