स्वतःचा इनिट लिहिताय? मग या चुका टाळा

लिनक्सचा इनिट, म्हणजे बूट होताना कर्नल (सिस्टमचा गाभा) सगळ्यात आधी सुरू करतो तो प्रोग्राम, किती छोटा असू शकतो? सीमध्ये २०-२५ ओळी, खरंच पुरतात. सगळे सिग्नल (प्रोसेसला येणारे इशारे) ब्लॉक करा, एक फोर्क करा (प्रोसेसची कॉपी काढा), त्या कॉपीतून, म्हणजे चाइल्डमधून, बूटची स्क्रिप्ट एक्झेक करा (चालवा) आणि मूळ प्रोसेसला, म्हणजे पॅरेंटला, कायम वेटमध्ये (चाइल्ड संपायची वाट बघत) बसवून ठेवा, झालं. नेटवर्क, लॉगिन, सर्व्हिस रीस्टार्ट हे सगळं पीआयडी १ मध्येच (प्रोसेस नंबर १, म्हणजे इनिटमध्येच) पाहिजे असं कर्नल कुठेच मागत नाही. पण या थोड्या ओळींत काही चुकलं तर अख्खं मशीन बसतं.

पहिली चूक म्हणजे मेनमधून रिटर्न होणं. इनिट संपला की लगेच कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल हात टेकतो आणि मशीन थांबतं. लोक घाबरून रीबूट मारतात, पण त्या मेसेजमधला एक्झिटकोड आधी वाचा ना! शेवटी ०१०० असेल तर प्रोग्राम स्वतःच १ देऊन बाहेर पडलाय, ०००बी असेल तर सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावून क्रॅश) आहे.

झॉम्बींचं, म्हणजे संपलेल्या पण कोणी वेट करून न उचललेल्या प्रोसेसचं, तर फार जण विसरतात. बाप आधी गेला की ती अनाथ पोरं पीआयडी १ च्या पदरात येतात, म्हणजे तुम्ही कधी फोर्क न केलेली पण, आणि तुम्ही फक्त आपल्या स्क्रिप्टच्याच पीआयडीवर वेट करत असाल तर बाकीची डिफंक्ट (झॉम्बी) होऊन पडून राहतात, साचत जातात आणि एक दिवस नवीन फोर्कच होत नाही. वेटपीआयडी या कॉलला -१ द्या, म्हणजे कुठल्याही चाइल्डवर वेट होतो.

इनिट फाइल समोर दिसतेय तरी एरर -२? यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय. फाइल असते, पण ती डायनॅमिक लिंक केलेली असते (लायब्ररी बाहेरून घेते) आणि इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीची मेमरीतली फाइलसिस्टम) त्या लायब्ररी जोडणारा लोडरच नसतो. स्टॅटिक बिल्ड करा, म्हणजे लायब्ररी आतच घाला. एरर -८ असेल तर बहुतेक दुसऱ्याच आर्किटेक्चरची बायनरी आहे.

डॉकरवाल्यांनो, कंटेनरमध्ये तुमचं ॲपच पीआयडी १ असतं. सिगटर्मचा ("आवरून बंद हो" सांगणारा सिग्नल) हँडलर लावला नसेल तर कर्नल तो सिग्नल सोडून देतो, म्हणून स्टॉप केल्यावर १० सेकंद नुसते जातात आणि मग सिगकिल (जबरदस्तीने मारणारा सिग्नल) बसतो. हँडलर लिहा, नाहीतर रन करताना इनिटचा फ्लॅग द्या, मग टिनी नावाचा छोटा इनिट १ नंबरवर बसतो.

आणि बंद करताना रीबूटचा सिस्टम कॉल डायरेक्ट मारू नका, तो स्वतःहून सिंक करत नाही, म्हणजे मेमरीतला डेटा डिस्कवर लिहीत नाही. आधी सगळ्यांना सिगटर्म, थोडं थांबून सिगकिल, मग सिंक, मग रूट रीड-ओन्ली करा आणि त्यानंतरच रीबूट.