कंपनीत हाताला लागलं तर आधी काय करायचं

महापे, रबाळे, तुर्भे, आपल्या नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात हे नेहमीचंच. बोट मशीनमध्ये गेलं की सुपरवायझर म्हणतो, घरी पडलो असं सांग डॉक्टरला. अजिबात सांगू नका! केस पेपरवर कामावर असताना लागलं असंच लिहून घ्या, कारण नंतर सगळं त्या एका ओळीवर अडतं.

मग त्याच दिवशी अपघाताची नोंद करायला लावा, वेळ, मशीन आणि बघणाऱ्याचं नाव टाकून, आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ४८ तास किंवा जास्त कामावर येता आलं नाही तर सरकारला कळवायची जबाबदारी मालकाची, तुमची नाही.

पगार २१,००० पर्यंत असेल तर बहुतेक ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जातो, पगाराची स्लिप बघा. त्यात बरं होईपर्यंत पगाराच्या साधारण ९० टक्के मिळतात, पण मेडिकल सर्टिफिकेट लागतंच. कंत्राटी असलात तरी हक्क आहे बरं का.

आणि हो, ग्लोव्हज-बुटांचे पैसे पगारातून कापत असतील तर ते चूक आहे, सेफ्टीचा खर्च मालकाचाच. ऐकत नसतील तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात लेखी तक्रार द्या, पोचपावती घेऊनच बाहेर पडा.