अमेरिकेतल्या घरात थर्मोस्टॅटची नवी वायर भिंतीतून कशी टाकायची

स्मार्ट थर्मोस्टॅट आणला आणि सी वायरच (थर्मोस्टॅटला सतत वीज देणारी तार) नाही, जुन्या घरात हे कॉमन आहे. आधी फर्नेसचा (घर गरम करणाऱ्या यंत्राचा) ब्रेकर बंद करा, 24 व्होल्टच असले तरी शॉर्ट झालं की फर्नेसमधल्या बोर्डावरचा फ्यूज उडतो. वायर 18/5, म्हणजे 18 गेजच्या पाच तारांची, घ्या. जुनीला नवी बांधून ओढा असं सगळेच सांगतात, पण जुनी बरेचदा आत स्टडला (भिंतीतल्या उभ्या लाकडाला) स्टेपल केलेली असते, हलकेच ओढून बघा, नाही हलली तर नाद सोडा. मग बेसमेंटमधून, जुनी वायर वर जाते तिथेच शेजारी भिंतीच्या तळाच्या लाकडी प्लेटला भोक पाडायचं आणि वरून थर्मोस्टॅटच्या भोकातून बारीक साखळी सोडायची, ड्रायवॉलमागे (भिंतीच्या जिप्सम बोर्डामागे) खुळखुळत खाली येते, खालच्याने हुकने पकडायची अन् वायर बांधून वर खेचायची. शेवटी थर्मोस्टॅटमागचं भोक बुजवाच, भिंतीतली गार हवा लागली की रीडिंग चुकतं.