सूर्यग्रहण बघताना या चुका टाळा: आधी ती परात बाजूला ठेवा

ग्रहण जवळ आलं की आमच्या पूर्व विदर्भातल्या खेड्यांत दोन पंथ पडतात. एक दारं-खिडक्या लावून घरात बसतो, दुसरा गच्चीवर चढून उघड्या डोळ्यांनी वर बघतो. पहिल्या पंथाशी माझं भांडण जुनं आहे, पण त्यांचे डोळे तरी शाबूत राहतात. हे लिहितोय ते दुसऱ्यांसाठी. त्यातही खास करून ‘काही होत नाही, आम्ही लहानपणापासून असंच पाहतो’ म्हणणाऱ्यांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो. टीव्हीवर लोक चष्मा काढून ग्रहण बघताना दिसतात ते खग्रास असतं, आणि तेही सूर्य पूर्ण झाकलेला असतो तेवढीच मिनिटं. खंडग्रासात, म्हणजे सूर्याचा काही भागच झाकला जातो तेव्हा, ती वेळ येतच नाही. सूर्याची कोर कितीही बारीक उरली तरी ती सूर्याचीच असते.

परातीतलं पाणी

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती सांगणारी माणसं वडीलधारी असतात. परातीत पाणी घ्यायचं, त्यात शेण नाहीतर हळद कालवायची आणि त्यात ग्रहण बघायचं. शेणानं परातीचा तळ दिसेनासा होतो, एवढंच. प्रकाश परततो तो पाण्याच्या वरच्या थरावरून, आणि तो थर आहे तसाच राहतो. सूर्य डोक्यावर असताना पाणी साधारण दोन टक्के प्रकाश परत फेकतं. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण प्रमाणित ग्रहण-चष्मा लाखातले फार तर तीनेक भाग आत सोडतो, परातीतून येतात दोन हजार. आता करा हिशेब.

सूर्य खाली उतरला की हा हिशेब आणखी बिघडतो. 25 ऑक्टोबर 2022 चं ग्रहण ग्रस्तास्त होतं, म्हणजे सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालेलं, बाहेरगावची पोरं दिवाळीला घरी आलेली. संध्याकाळी पाच-सात जण आमच्या तलावाच्या पाळीवर बसून पाण्यातला सूर्य बघत होते. मी चष्मे घेऊन पोहोचलो आणि ओरडलो, तर एक जण मलाच समजावायला लागला, “सर, सूर्याले कुठं पाहून राह्यलो? पाण्यात पाहून राह्यलो!” सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असेल तर शांत पाणी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रकाश तसाच परत देतं. त्यांच्यापुढे परात नव्हती, अख्खा तलाव होता.

बाकीच्यांनी चष्मे घेतले. हा काही उठला नाही, ‘पाच मिनिटं थांबा ना सर’ करत बसून राहिला. दुखलं असतं तर उठला असता. पण डोळ्यातल्या पडद्याला वेदनाच कळत नाही. दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, मोबाईलवर मेसेज वाचताना ओळीच्या मधलीच अक्षरं त्याला दिसेनात. जिथं नजर लावावी तिथंच डाग. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की यावर खात्रीचं औषध नाही, वाट बघायची. काही महिन्यांत डाग बराचसा विरला. पूर्ण गेला असं तो आजही म्हणत नाही.

एक्स-रे, काजळी आणि गॉगलवर गॉगल

या सगळ्या जुगाडांमागे समज एकच असतो, डोळा दिपला नाही म्हणजे झालं. मला तर उलटी भीती वाटते. काळ्या काचेमागे अंधार वाटतो म्हणून बाहुली मोठी होते, आणि ती काच न दिसणारे किरण अडवत नसेल तर ते आणखी जास्त आत जातात. आजोबांच्या मोडलेल्या हाडाचा एक्स-रे तर हाडाच्या जागी पांढुरका असतो, म्हणजे तिथून सरळ उजेड येतो. चिमणीवर काजळी धरलेली काच एका जागी दाट, एका जागी विरळ. सीडी, फिल्मचा रोल, एकावर एक दोन गॉगल, सगळं त्याच पिशवीत भरा आणि कपाटात ठेवा.

वेल्डिंगची काच चालते, पण 14 नंबरची. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बहुतेक 10 किंवा 11 ची असते आणि दुकानदार ‘सारखीच असते जी’ म्हणून हातात देतो. काचेवर नंबर दिसला नाही तर मी ती परत करतो.

चष्मा घ्यायचा तर आयएसओ 12312-2 हे ग्रहण-चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक लिहिलेला घ्या, आणि आदल्या रात्री नको. दर वेळी ग्रहणाच्या सकाळी सातला माझ्या दारात कुणीतरी उभा असतो, “सर, एखादा उरला काय?” घरातला जुना चष्मा वापरायचा तर अंधारात मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा. टाचणीएवढं भोक किंवा ओरखडा चमकला की कात्रीनं त्याचे दोन तुकडे करायचे, नाहीतर तो कुठल्यातरी पोराच्या हाती लागतो. चष्मा मान खाली असताना लावायचा, मग वर बघायचं. काढतानाही आधी मान खाली.

मोबाईलनं फोटो काढताना लोक स्क्रीन सोडून सूर्याकडेच बघत बसतात. चष्मा लावून दुर्बिणीतून बघायचा विचारही करू नका, एकवटलेल्या उन्हानं चष्म्याची फिल्म जळते आणि मागे डोळा असतो.

‘भोकातून ग्रहण दिसतच नाही’

पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून त्यातून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडता येते. वरची तक्रार करणारे निम्मे लोक ते भोक डोळ्याला लावून सूर्याकडे बघतात. अरे बाबा, पाठ सूर्याकडे करायची! पुठ्ठ्याचं भोक वर धरायचं आणि समोर सावलीत पडलेला ठिपका बघायचा. उरलेल्यांचं भोक फार मोठं असतं किंवा कागद फार जवळ. एक-दोन मिलिमीटरचं भोक पुरे. प्रतिमा दर मीटरमागे साधारण नऊ मिलिमीटरची होते, त्यामुळे वीतभर अंतरावर कोर शोधणाऱ्याला ठिपकाच दिसणार.

मला स्वतःला पुठ्ठ्यापेक्षा गोठा आवडतो. 21 जून 2020 ला ग्रहणाचा मध्य दुपारी बाराच्या आसपास होता आणि जूनमध्ये त्या वेळी सूर्य आपल्याकडे जवळपास डोक्यावर असतो. ढग बाजूला झाले तेवढ्या वेळात टिनाच्या प्रत्येक खिळ्याच्या भोकातून गोठ्याच्या जमिनीवर एकेक चंद्रकोर पडली होती, बैलाच्या पाठीवरसुद्धा. गोठा नसेल तर बुंदीचा झारा घ्या, नाहीतर कडुनिंबाखाली जा. आणि शाळेसाठी हातआरशाची युक्ती सगळ्यात झकास: आरशावर नखाएवढं भोक ठेवून कागद चिकटवायचा आणि कवडसा अंधाऱ्या वर्गातल्या भिंतीवर पाडायचा. दहा मीटरवर नऊ-दहा सेंटिमीटरचा सूर्य मिळतो, पन्नास पोरं एकदम बघतात, फक्त आरशात कुणी डोकावायचं नाही.

ग्रहणातच मुसळ उभं राहतं म्हणून ताटात ते उभं करणाऱ्यांना एकच विनंती, तेच मुसळ चार दिवसांनी त्याच ताटात उभं करून बघा. बूड सपाट असेल तर उभं राहतं. गरोदर बाईनं घरात बसण्याचं आणि अन्न फेकण्याचंही तसंच, चष्मा लावून तिनंही बघावं आणि भूक लागली तर जेवावं.

भारतातून दिसणारं पुढचं सूर्यग्रहण 2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर आहे. आपल्याकडे सूर्याचा लहानसाच भाग झाकला जाईल, तोही ऐन पावसाळ्यात. पातळ ढगाआडून सूर्य गारेगार दिसतो म्हणून चष्मा काढायचा मोह तेव्हाच होतो. ढग पातळ असो वा दाट, चष्मा राहू द्या.

आणि कुणी उघड्या डोळ्यांनी बघितलंच असेल, तर दुसऱ्या सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख एकेक डोळा झाकून वाचायला लावा. आकडा मधोमध पुसट किंवा वाकडा दिसला तर मेडिकलमधले थेंब, मध, गुलाबपाणी काही घालू नका. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि काय, किती वेळ बघितलं ते खरं सांगायला लावा.